फिमाय : ख्मेर मंदिराच्या तटबंदीत वसलेले गाव पाहण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

ख्मेर मंदिरे म्हटली की आपल्याकडचा प्रवासी थेट कंबोडियाचे तिकीट काढतो आणि अंगकोर वाट पाहून परततो. परंतु ख्मेर साम्राज्याचा बराच मोठा भाग आजच्या थायलंडच्या ईशान्येला, इसान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पठारावर पसरलेला होता, आणि अंगकोर वाटच्या आधी उभे राहिलेले एक महत्त्वाचे मंदिर याच पठारावरच्या फिमाय या गावात आहे. फिमाय हे नाखोन रात्चासीमा प्रांतातले तालुक्याचे गाव. प्रांताचे मुख्य शहर, ज्याला सगळे जण ‘कोरात’ म्हणतात, तिथून ते सुमारे ६० किलोमीटर ईशान्येस आहे. बहुतेक पर्यटक कोरातहून सकाळी येतात, मंदिरात दोन तास घालवतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. माझ्या मते हा या गावावर अन्याय आहे. येथे मंदिर गावाच्या बाजूला नाही. गावच मंदिराच्या जुन्या नगराच्या तटात वसले आहे. त्यामुळे दोन रात्री मुक्काम करून, जुन्या नगराच्या क्रमाने, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाऊन हे ठिकाण पाहावे, असे मी सुचवेन. पुढील सर्व मांडणी त्याच हिशेबाने केली आहे.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, सकाळी किंचित गारवा असतो आणि दुपारीही चालता येते. मार्च ते मे या महिन्यांत इसानचे ऊन विदर्भातल्या उन्हाळ्याइतकेच कडक असते, आणि मंदिराच्या आवारात दगड तापल्यावर सावलीला फारशी जागा उरत नाही. जूनपासून पाऊस सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावाजवळून वाहणाऱ्या मून नदीला पाणी चढते, त्यामुळे त्या काळात जायचे असल्यास आधी पुराची परिस्थिती विचारून घ्यावी. नोव्हेंबरमध्ये गावाचा मोठा उत्सव भरतो, नदीत लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात आणि मंदिराच्या पार्श्वभूमीवर रात्री कार्यक्रम सादर केले जातात. गर्दीची आवड असेल तर तेव्हाच जावे, मात्र खोली बरीच आधी राखून ठेवावी, कारण गाव लहान आहे आणि राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकांसाठी थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसामाफी सुरू केली. तिची मुदत आणि अटी अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्यावा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो देशात पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. या अर्जासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे शोधयंत्रावर वरच्या क्रमांकाला दिसतात; त्यांच्या वाटेला जाऊ नये. अर्जात मुक्कामाचा पत्ता विचारतात, त्यामुळे पहिल्या रात्रीची खोली ठरलेली असली की काम सोपे होते.

सीमेबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जुलै २०२५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला, आणि सीमेलगतची काही ख्मेर मंदिरे त्या वादाच्या केंद्रस्थानीच होती. फिमाय सीमेपासून बरेच आत, शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. तरीही सुरिन, सी साकेत किंवा बुरीराम या सीमेलगतच्या प्रांतांच्या दक्षिण भागात पुढे जाण्याचा विचार असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना वाचूनच बेत ठरवावा. फिमायहून जमिनीच्या मार्गाने अंगकोर वाटजवळच्या सियाम रीप शहराला जाऊ, हे गृहीत धरून परतीचे तिकीट काढू नये; दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत बसवायची असतील, तर मधला टप्पा विमानानेच धरावा.

रोख रक्कम पुरेशी जवळ ठेवावी. भाजी बाजार, रात्रीचा बाजार आणि स्थानिक बस येथे रोखीनेच व्यवहार सोपा होतो, आणि परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापले जाते. म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा बँकॉकमध्येच एकदम काढावे किंवा रुपये-डॉलर बदलून घ्यावेत.

बँकॉकहून फिमायपर्यंत

मुंबईहून बँकॉकचे थेट विमान साडेचार तासांच्या आसपास पोहोचते. बहुतेक विमाने सुवर्णभूमीवर उतरतात, काही डॉन म्युआंगवर. डॉन म्युआंगला उतरणाऱ्यांची विशेष सोय होते, कारण विमानतळासमोरच्याच रेल्वे स्थानकावर ईशान्येकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. सुवर्णभूमीला उतरल्यास विमानतळ रेल्वेने मक्कासानपर्यंत, तेथून पेचबुरी स्थानकावरच्या भुयारी मेट्रोने क्रुंग थेप अपिवात या नव्या मुख्य स्थानकापर्यंत यावे. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून तेथून सुटतात, जुन्या हुआ लाम्पोंग स्थानकावरून नाही. जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर राहणाऱ्यांची येथेच गाडी चुकते.

कोरातला रेल्वेने चार ते सहा तास लागतात. गाडी हळू जाते, परंतु सपाटीवरून डोंगर चढून पठारावर येण्याचा टप्पा खिडकीतून पाहण्यासारखा आहे. वेळ महत्त्वाचा असेल, तर मो चित येथील बस स्थानकावरून वातानुकूलित बस घ्यावी. सुमारे २६० किलोमीटरचे हे अंतर साडेतीन-चार तासांत कापले जाते. कोरातमध्ये दोन बस स्थानके आहेत आणि फिमायची बस क्रमांक दोनच्या स्थानकावरून सुटते, हे रिक्षावाल्याला आधीच सांगावे. १३०५ क्रमांकाची ही बस दिवसभर ठरावीक अंतराने निघते. तिकीट गाडीतच मिळते आणि प्रवासाला सव्वा ते दीड तास लागतो. बस मित्रपाप महामार्गाने उत्तरेकडे जाते आणि तलाद खे या फाट्यावर उजवीकडे वळून शेवटचे दहा किलोमीटर भातशेतीतून धावते. शक्यतो दुपारी तीनपर्यंत फिमायला पोहोचेल असा हिशेब करावा, म्हणजे पहिल्या संध्याकाळी गाव पायाखालून घालता येते.

मुक्काम तटाच्या आत, मंदिरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी करावा. साध्या अतिथिगृहांत सायकल भाड्याने किंवा फुकट मिळते. खोली ठरवताना तेवढे नक्की विचारावे. गाव सपाट आहे, त्यामुळे सायकलीसारखे वाहन नाही.

पहिली संध्याकाळ : दक्षिणेकडून आत यावे

फिमायचे जुने नगर साधारण एक किलोमीटर लांब आणि त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक रुंद अशा आयताकृती तटात बसवलेले होते. मंदिराचे मुख पूर्वेकडे नाही. ख्मेर मंदिरे सामान्यतः पूर्वाभिमुख असतात. हे मात्र दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कललेले आहे, आणि अंगकोरची राजधानी त्याच दिशेला आहे. त्या राजधानीपासून येथपर्यंत राजमार्ग होता. सातव्या जयवर्मन राजाच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरच्या, एका शिलालेखात या मार्गावरील १७ विश्रामगृहांचा उल्लेख आहे. त्याच राजाने राज्यभर बांधलेल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेखही दुसऱ्या एका शिलालेखात येतो, आणि त्यांपैकी एकाचे छोटे देवालय फिमायच्या दक्षिण वेशीबाहेर आजही पडक्या अवस्थेत उभे आहे. गावकरी त्याला ‘कुटी रुसी’, म्हणजे ऋषींची कुटी, म्हणतात.

म्हणून सायकल घेऊन आधी थेट दक्षिणेला, ओढ्याकाठच्या जुन्या घाटापर्यंत जावे. आज तेथे जांभ्या दगडाचा एक चौथरा आहे, त्याहून अधिक काही नाही, आणि बरेच जण म्हणूनच तो टाळतात. परंतु तेथून परत फिरून, कुटी रुसीवरून, ‘प्रतू चाय’ या विजयद्वाराकडे येताना नगराची आखणी आपोआप कळते. द्वाराच्या चौकटीतून पाहिले की सरळ रस्ता मंदिराच्या दिशेने जाताना दिसतो, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज किराणा दुकाने, भ्रमणध्वनीची दुकाने आणि बँका आहेत. संध्याकाळी याच भागात खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. मंदिरात मात्र या दिवशी जाऊ नये. उन्हे कलताना घाईघाईने पाहण्यासारखी ती वास्तू नाही.

दुसरा दिवस : मंदिर

मंदिराचे आवार सकाळी लवकर उघडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते. परदेशी पर्यटकांसाठी तिकीट स्थानिकांपेक्षा जास्त असले, तरी ते खिशाला जड नाही. दार उघडताच आत जावे. नऊनंतर शाळांच्या सहली येऊ लागतात आणि ऊनही चढते. आत जाताच डाव्या हाताला एक आयताकृती इमारत लागते. राजा किंवा श्रेष्ठी मंदिरात जाण्यापूर्वी येथे वस्त्रे बदलत असत, असे मानले जाते. पुढे नागफणांच्या कठड्याचा पूल लागतो. भूलोकातून देवलोकात जाण्याचा तो सेतू, अशी ख्मेर कल्पना आहे. पूल ओलांडून बाह्य गोपुरातून आत गेल्यावर मोकळे अंगण, अंगणात चार तळी आणि समोर आतल्या ओवऱ्या दिसतात.

आतल्या गोपुराच्या दगडी चौकटीवर कोरलेला लेख मराठी वाचकाने आवर्जून पाहावा. त्यातील काल शक १०३०, म्हणजे इसवी सन ११०८ आहे. आपल्या पंचांगात आजही चालणारी शकगणनाच ख्मेर राजसभेत वापरली जात होती. या लेखात वीरेंद्राधिपतिवर्मन नावाच्या अधिकाऱ्याने ‘त्रैलोक्यविजय’ देवाची मूर्ती स्थापल्याची नोंद आहे, आणि मंदिर अकराव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले असावे, हा अभ्यासकांचा निष्कर्ष बऱ्याच अंशी याच लेखावर आधारलेला आहे. त्या वेळी सहाव्या जयवर्मनची राजवट होती. त्याचे महीधरपूर घराणे याच प्रदेशातले मानले जाते, आणि पुढे अंगकोर वाट बांधणारा दुसरा सूर्यवर्मन त्याच घराण्यातला. फिमायच्या शिखराचा वरती निमुळता होत जाणारा, कमळाच्या कळीसारखा आकार अंगकोर वाटच्या शिखरांचा पूर्वज आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मुख्य शिखर २८ मीटर उंच असून पांढरट वालुकाश्माचे आहे. ओवऱ्या लालसर वालुकाश्माच्या आहेत. शिखराच्या पुढ्यात दोन्ही बाजूंना दोन लहान प्रासाद दिसतात : लाल दगडाचा ‘हिन देंग’ आणि जांभ्याचा ‘प्रोम्मथात’. दुसऱ्याच्या भिंती जवळून पाहिल्यास कोकणातल्या माणसाला तो सच्छिद्र, तांबूस दगड लगेच ओळखू येतो. जांभ्यावर बारीक कोरीवकाम होत नाही, म्हणून तेथे नक्षी जवळजवळ नाही. कोरायचे ते वालुकाश्मात आणि भार वाहायचा तो जांभ्यात, ही ख्मेर कारागिरांची विभागणी येथे एका नजरेत दिसते.

आता कोरीवकाम. मंडपाच्या दक्षिण दर्शनी त्रिकोणी भागावर नाचणारा शिव आहे. बाहेरच्या द्वारपट्ट्यांवर, म्हणजे दारांवरच्या आडव्या दगडी पट्ट्यांवर, रामायणातले प्रसंग आहेत, आणि येथे मराठी वाचकाला मार्गदर्शकाची गरज पडत नाही. इंद्रजिताच्या नागपाशात जखडलेले राम आणि लक्ष्मण आडवे पडले आहेत, सर्पांचे वेढे दोघांच्या अंगाभोवती आहेत आणि भोवती वानर शोकाकुल आहेत. दुसऱ्या एका पट्टीवर सेतू बांधणारे वानर दगड वाहून नेत आहेत. ही पट्टी खाली उभे राहून नीट दिसत नाही. चार पावले मागे जाऊन, थोडे तिरपे उभे राहावे, म्हणजे सकाळच्या उन्हात आकृत्या उठून दिसतात.

हे सगळे पाहून हे हिंदू मंदिर आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो धरून आत शिरू नये. आतल्या द्वारपट्ट्यांवर नागफणेखाली बसलेला बुद्ध आणि वज्रसत्त्व व त्रैलोक्यविजय हे बौद्ध देव आहेत, म्हणजे गाभारा महायान-वज्रयान बौद्ध परंपरेचा आहे. बाहेर रामायण आणि आत बुद्ध, या रचनेत त्या काळच्या लोकांना काही विसंगत वाटले असेल असे दिसत नाही. गाभाऱ्यात अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळही शोधून पाहावी. आपल्या मंदिरांतील पन्हळीशी तिचे नाते कोणी सांगावे लागत नाही.

आज दिसणारे मंदिर मोठ्या प्रमाणात पुन्हा रचलेले आहे, हे लक्षात ठेवावे. १९६४ ते १९६९ या काळात थायलंडच्या ललित कला विभागाने, अंगकोरचे फ्रेंच संवर्धक बर्नार्ड फिलिप ग्रोलिए यांच्या साहाय्याने, कोसळलेले दगड ओळखून मूळ जागी बसवले आणि जेथे दगड नव्हते तेथे नवे घातले. नवे दगड साधे, नक्षीविना असतात, त्यामुळे बारकाईने पाहिल्यास जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखता येते. इतिहास उद्यान म्हणून हे ठिकाण १९८९ मध्ये राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न यांच्या हस्ते खुले झाले.

वागण्याचे नियम साधे आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालावेत, मूर्तींसमोर फुले किंवा उदबत्त्या दिसल्यास त्यांना पाय लागू देऊ नये, आणि चौथऱ्यांवर चढून छायाचित्रे काढू नयेत. उंबरठे उंच आहेत. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हात द्यावा लागतो.

दुपार : संग्रहालय, मग पुन्हा मंदिर

फिमायचे राष्ट्रीय संग्रहालय गावाच्या उत्तरेला, मून नदीवरच्या पुलाजवळ आहे. सोमवार-मंगळवारी थायलंडमधील राष्ट्रीय संग्रहालये सहसा बंद असतात, म्हणून दुसरा दिवस बुधवार ते रविवार यांपैकी येईल असे पाहावे. या एका कारणासाठी सगळा बेत एक दिवस पुढेमागे करावा लागला, तरी करावा. प्रोम्मथात प्रासादात सापडलेली सातव्या जयवर्मनची दगडी मूर्ती येथे आहे; मंदिरात तिची प्रतिकृती ठेवली आहे. दोन्ही हात तुटलेले, अंगावर एकही दागिना नाही, डोळे मिटलेले आणि ओठांवर अगदी पुसट हसू. राजाची मूर्ती म्हणून मुकुट आणि आयुधे शोधणाऱ्याला ती ओळखूही येणार नाही. संग्रहालयाच्या अंगणात आणि दालनांत इसानमधील अनेक मंदिरांतून आणलेल्या द्वारपट्ट्या डोळ्यांच्या उंचीवर मांडल्या आहेत, त्यामुळे मंदिरात वर पाहून मान दुखवणारे तपशील येथे निवांत पाहता येतात. सकाळचे तिकीट दिवसभर चालते का, हे आधीच विचारून ठेवावे, आणि शक्य असेल तर चारनंतर पुन्हा एक तास मंदिरात जावे. संग्रहालय पाहून गेलेल्या डोळ्यांना सकाळी निसटलेल्या पट्ट्या दिसू लागतात.

जेवण आणि साय न्गाम

गावापासून पूर्वेला दोन किलोमीटरवर, पाण्याच्या काठी, ‘साय न्गाम’ नावाचा वडाच्या कुळातला प्रचंड वृक्ष आहे. तो साडेतीनशे वर्षांचा मानला जातो, आणि पारंब्यांचे खोड होत होत आता मूळ खोड कोणते हे सांगता येत नाही. शेजारीच जेवणाची ठिकाणे आहेत. दुपारचे जेवण येथेच घ्यावे आणि ‘पाद मी फिमाय’ मागवावे. तांदळाच्या शेवया चिंचेच्या, किंचित तिखट-गोड मसाल्यात परतलेल्या असतात आणि सोबत बहुधा कच्च्या पपईचे ‘सोम ताम’ येते.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. इसानमध्ये मासळीचा सॉस आणि आंबवलेली मासळी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते, आणि ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने ती वगळली जात नाही. ‘किन जे’ हे शब्द पाठ करावेत. ‘जे’ म्हणजे मांस, मासळी, अंडी, शिवाय कांदा-लसूणही नसलेले जेवण; कंदमुळे मात्र त्यात असू शकतात, हे जैन प्रवाशांनी लक्षात ठेवावे. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरे दिसली, तर त्या दुकानात असे जेवण मिळते. इतरत्र ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे मासळीचा सॉस घालू नका, असे सांगावे. सोम तामसाठी ‘माय साय प्ला रा’, म्हणजे आंबवलेली मासळी घालू नका, असेही जोडावे. एवढे करूनही खात्री वाटत नसेल, तर चिकट भात, फळे आणि बाजारातली भाजलेली केळी यांवर एक दिवस सहज निघतो. घरून थोडा चिवडा नेण्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

तिसरा दिवस : परतीच्या वाटेवर

परतताना दोन ठिकाणे रस्त्यातच आहेत. तलाद खे फाट्याच्या परिसरात, महामार्गापासून थोड्या अंतरावर बान प्रासात हे गाव आहे. येथील उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे आणि दफनांचे अवशेष सापडले. उत्खननाचे खड्डे गावातच, घरांच्या मध्ये, छपराखाली जपले आहेत आणि हाडांच्या सांगाड्यांशेजारी मातीची भांडी ज्या थरात होती त्या थरात मांडलेली दिसतात. गावकरी घरगुती मुक्कामाचीही सोय करतात. दुसरे ठिकाण पानोम वान हे ख्मेर मंदिर, कोरातच्या जवळ, महामार्गाच्या पूर्वेस. फिमायनंतर ते छोटे वाटते, म्हणून वेळ कमी असेल तर ते सोडावे आणि बान प्रासात ठेवावे.

बसने दोन्ही साधणे अवघड जाते, कारण महामार्गावर उतरून आत चालावे लागते आणि पुढची बस हात दाखवून थांबवावी लागते. चार जण असाल तर फिमायमधून दिवसभरासाठी गाडी ठरवून, दोन्ही ठिकाणे पाहून, संध्याकाळी कोरात रेल्वे स्थानकावर किंवा बस स्थानकावर सोडण्यास सांगावे. दर निघण्यापूर्वीच ठरवावा आणि तो आकड्यात लिहून दाखवावा. बसनेच जायचे असेल, तर कोरातकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, हे फिमायला उतरताच वाहकाला विचारून ठेवावे. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात.